माणूस कुठल्या हेडखाली ठेवायचा?

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असं विचारलं. तेव्हापासून पुण्यातल्या माझ्या संशोधक मित्रमंडळींत दोनच विषय निघतात: फेलोशिप, आणि परदेशात गेलेले परत का येत नाहीत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये यकृताच्या पेशींवर काम करणारी मी या दोन्ही वादांत आयती सापडते.

फेलोशिपचं चटकन सांगते. 2023 पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) महिना 37,000 आणि एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो) 42,000 रुपये. वेळेवर आले तर भागतं. अडकले की तिशीला टेकलेल्या मुलाला पाषाणच्या खोलीचं भाडं वडिलांकडे मागावं लागतं. संताप आकड्यापेक्षा या उशिराचा असतो. जर्मनीत पगार वेळेवर होतो, पण जीवशास्त्रात पीएचडी करणाऱ्याचा करार बहुधा 65 टक्के नोकरीचा असतो आणि काम मात्र पूर्ण वेळ.

‘परत या’ म्हणणाऱ्यांना वाटतं, आम्ही इथे पक्क्या खुर्चीत बसलोय. इथल्या कायद्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारणपणे पीएचडीआधी 6 आणि नंतर 6 वर्षं राहता येतं. त्यात प्राध्यापकपद मिळालं तर ठीक, नाहीतर बहुतेकांना बाहेरची वाट. सरकारी व्हिडिओत याच कायद्याचे गोडवे गाणारी ‘हाना’ नावाची काल्पनिक संशोधक दाखवली होती. 2021 मध्ये तरुण संशोधकांनी ‘मीच हाना’ म्हणत आपापल्या करारांच्या कहाण्या जाहीर केल्या. शास्त्रज्ञाच्या कायम नोकरीची बोंब दोन्हीकडे आहे.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या ड्रेस्डेनच्या लॅबमध्ये उंदराच्या यकृतातून पेशी वेगळ्या काढतात त्या तंत्रज्ञ बाईंना डॉक्टरेट नाही, पण कायम नोकरी आहे. आधी कॅल्शियम नसलेला बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतून पंपाने सोडायचा, मग कॅल्शियमसह कोलॅजनेज, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं जाळं तोडणारं एन्झाइम, सगळं 37 अंशांच्या आसपास. यकृत फिकट होतं, मग आतून सैल पडू लागतं. नेमकं कुठे थांबायचं हे प्रोटोकॉलमध्ये मिनिटांत लिहिलेलं असतं, पण कोलॅजनेजचा लॉट बदलला की ती मिनिटं निरुपयोगी. जास्त वेळ झाला तर ट्रिपॅन ब्लू या रंगाने निम्म्या पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. बाई बोटाने हलकेच दाबून बघतात आणि पंप बंद करतात. बरं, पेशी नीट निघाल्या तरी साध्या डिशमध्ये काही दिवसांतच त्या यकृतपणा सोडू लागतात, औषधं पचवणारी एन्झाइम्स घटतात. म्हणजे साठवून ठेवून भागत नाही, दर खेपेला हाच हात लागतो.

पुण्यात हा हात विद्यार्थ्याचा असतो. दुसऱ्या वर्षी शिकायला लागतो, चौथ्या वर्षी जमतं, पाचव्या वर्षी थीसिस देऊन बोस्टन. मागे उरते डाग पडलेली वही, आणि नवी मुलगी पुन्हा पहिल्यापासून. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या पेशीसंग्रहातून देशभर पेशी जातात, त्यामुळे हेपजी2 सारखी, लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या यकृताच्या कर्कपेशींची लाइन मिळणं अवघड नाही. ताज्या यकृतपेशी मात्र कुठल्या संग्रहातून मागवायच्या? म्हणून मग कितीतरी जण हेपजी2 वरच भागवतात, आणि निरोगी यकृतात काय घडतं हा प्रश्न पुढच्या विद्यार्थ्यावर ढकलला जातो.

रसायनांवर आपण चांगले भांडतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क 10 वरून 150 टक्के झालं तेव्हा अशी ओरड झाली की सरकारला ते मागे घ्यावं लागलं. तंत्रज्ञांच्या जागांसाठी तसा आवाज मी ऐकलेला नाही. पुण्यात लॅब चालवणाऱ्या मित्राला म्हटलं, दोन माणसं कायमची ठेव ना. तो म्हणाला, “अगं, खर्चाच्या कुठल्या हेडखाली ठेवू? प्रोजेक्ट तीन वर्षांचा. तो संपला की माणूसही संपला.” त्याचं खरंय. म्हणूनच जागा संस्थेने मंजूर करायला हव्यात, एकेका लॅबने नव्हे. यकृतपेशी काढणारी एक जोडी चार-पाच गटांना सहज पुरेल. आणि पीएचडीनंतर प्राध्यापक व्हायचंच नाही, हातानेच काम करायचंय अशी मुलं पुण्यात भरपूर आहेत. त्यांना आज औषध कंपनी नाहीतर परदेश, एवढंच दिसतं.

परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, पाच वर्षांची. तिने शास्त्रज्ञ परत येतो. मी आले तर पगाराची घासाघीस करणार नाही, पंप कधी बंद करायचा हे कळणारा माणूस मागेन. मित्र म्हणतो, ती जागा मंजूर होईतो तुझी पाच वर्षं संपलेली असतील.