कोड पुसला म्हणजे गाडी दुरुस्त झाली का?

दीड महिन्यात तीन वेळा. तीन वेळा कासारवडवलीहून त्याच सर्व्हिस सेंटरला गाडी नेली आणि तिन्ही वेळा तेच वाक्य ऐकलं, "सर, एरर होता, क्लिअर केलाय." अरे, पण कसला एरर? गाडीच्या कॉम्प्युटरने दोषाचा कोड काय नोंदवला होता? सांगा ना! तर नाही. कोड वाचायचा स्कॅनर घेतलेला मुलगा आत, मी काचेच्या बाहेर. बिलात "स्कॅनिंग चार्जेस" मात्र न चुकता.

गाडी २०१८ ची, पेट्रोल. जूनअखेरीस पहिल्या जोरदार पावसात घोडबंदर रोडवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला. सिग्नलला उभी असली की गाडी थरथरायची. सेंटरवर नेली, कोड क्लिअर केला, चौथ्या दिवशी दिवा परत हजर. मग चारही स्पार्क प्लग बदलले. ठीक आहे, प्लग झिजतात, मान्य. आठवडाभरात पुन्हा दिवा. आता म्हणे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे पार्ट, त्यांचं क्लीनिंग करावं लागेल, पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय ना सर. साडेपाच हजार. दिले. कारण गाडी ताब्यात घेताना दिवा विझलेला माझ्या डोळ्यांना दिसत होता.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. इंजिनच्या कॉम्प्युटरला असा दोष एकदा दिसला तर तो बहुतेकदा नुसती नोंद करून ठेवतो. पुढच्या फेरीतही, म्हणजे पुन्हा गाडी सुरू करून चालवल्यावरही, दिसला की मग दिवा लावतो. म्हणजे कोड पुसून गाडी हातात दिली, तर गेटमधून बाहेर पडताना दिवा बंदच असणार, काम केलेलं असो वा नसो! हे त्यांना माहीत नाही? रोज पन्नास गाड्या बघणाऱ्यांना? शिवाय दोष खरंच गेला असेल तर सलग तीन फेऱ्या नीट झाल्यावर दिवा आपला आपण विझतो. मग पुसायची एवढी घाई कशाला? पुसताना कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. दोष आला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम, ही सगळी नोंद. ज्यावरून निदान करायचं तेच आधी पुसून टाकायचं आणि मग अंदाजाने पार्ट बदलत बसायचं, माझ्या पैशांनी.

तिसऱ्या खेपेनंतर दोनच दिवसांनी आईला घेऊन वसईला निघालो होतो. गायमुखचा घाट, पाऊस, खड्डे, मागे कंटेनर. चढावर गाडीने दम सोडला आणि दिवा लुकलुकायला लागला. नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. कशीबशी बाजूला घेऊन सेंटरला फोन केला. उत्तर काय, "चालवा सर, काही होत नाही. सोमवारी घेऊन या." काही होत नाही? लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच एक्झॉस्टमध्ये जातंय. ते धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतला भाग तापून वितळू शकतो. तो पार्ट बदलायचा म्हणजे खर्च हजारांत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, शक्य तितक्या लवकर थांबा, एवढं तरी फोनवर सांगायला हवं होतं. माझी बहात्तर वर्षांची आई त्या घाटात दीड तास गाडीत बसून होती. हे मी विसरणार नाही.

टो करून गाडी कळव्याच्या एका मेकॅनिककडे टाकली. साधं गॅरेज, वर पत्रा. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि आधी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा दादा, पी०३०१. एक नंबर सिलिंडर मिसफायर." म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मग एक नंबरचा इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट, काढून तीन नंबरला लावला, तीनचा एकला. गाडी चालवून आणली. कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉइलच गेलाय. कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीला बारीक चीर होती, पावसात ओल शिरली की ठिणगी तिथूनच बाहेर पळायची. वीस मिनिटांचं काम! कॉइल आणि मजुरी धरून दोन हजार सहाशे. कोड त्याने सगळ्यात शेवटी क्लिअर केला, तोही मला विचारून.

वीस मिनिटं लागतात हो खरं निदान करायला. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, टाय लावलेला ॲडव्हायझर, आणि चार कॉइल आहेत तर एक इकडून तिकडे लावून बघावा, एवढं एकालाही सुचू नये?

भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांत ओबीडी-२ आहे, म्हणजे दोष स्वतः ओळखून कोड नोंदवणारी यंत्रणा. कोड गाडी स्वतः सांगते, आणि गाडी माझी आहे. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मागा. देत नसतील तर गाडीची चावी देऊ नका. मी तिन्ही वेळा मागितला नाही, त्याचे साडेनऊ हजार मोजले.

जुना कॉइल पिशवीत ठेवलाय. तीन बिलं, टोची पावती. शनिवारी सकाळी दहाला काउंटरवर मांडणार आणि विचारणार, यातलं एक नंबर सिलिंडरचं काम कोणत्या ओळीत आहे ते दाखवा. दाखवता आलं नाही तर पैसे परत घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.