अनवाणी जरूर चाला, पण त्या फॉरवर्डच्या भरवशावर नको

"अनवाणी चालण्याचे चमत्कारिक फायदे" हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडे येऊन गेला असेल, नसेल तर येईलच. शब्द थोडेफार बदलतात पण मुद्दे तेच. रोज सकाळी अर्धा तास मातीवर किंवा दव पडलेल्या गवतावर अनवाणी चाला, पृथ्वीतले इलेक्ट्रॉन तळपायातून शरीरात शिरतात आणि सूज, सांधेदुखी, निद्रानाश सगळं बरं होतं, रक्त पातळ होतं, चष्म्याचा नंबर जातो, तळव्यावरचे पॉइंट दाबले गेले की किडनी-लिव्हर सुधारतं, शुगर कंट्रोलमध्ये येते, आपले पूर्वज असंच चालायचे म्हणून ठणठणीत होते, आणि शेवटी ठळक अक्षरात "खर्च शून्य, साइड इफेक्ट शून्य".

माझं अनवाणी चालण्याशी काही वाकडं नाही, मला स्वतःला आवडतं. आणि या यादीत एक खरा फायदा आहे, फक्त तो कुठेतरी कोपऱ्यात एका ओळीत उरकलेला असतो कारण त्यात चमत्कार नाही. तर एकेक मुद्दा घेऊ.

"पृथ्वीतले इलेक्ट्रॉन शरीरात शिरतात आणि आजार बरे करतात"

सगळा डोलारा यावरच उभा आहे म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवतो. फॉरवर्डमध्ये याला प्राचीन ज्ञान वगैरे म्हटलेलं असतं, पण हे आताचं रूप आलंय अमेरिकेतल्या क्लिंट ओबर नावाच्या गृहस्थांकडून, आणि त्यांचं आयुष्य गेलं केबल टीव्हीच्या धंद्यात. केबलला नीट अर्थिंग नसेल तर सिग्नलमध्ये खरखर येते, मग रबरी सोल घालून जमिनीपासून तुटलेल्या माणसातही तसंच काहीतरी होत असणार, असा साधारण तर्क, १९९० च्या दशकाच्या शेवटी सुचलेला. पुढे त्यावर पुस्तक आलं, मग खास चादरी आल्या, चटया आल्या, ज्यांची वायर भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला जोडायची. म्हणजे आपल्याकडे "खर्च शून्य" म्हणून फिरणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी चक्क एक प्रॉडक्ट लाइन आहे. या विषयावरच्या २०१५ च्या एका रिव्ह्यू पेपरचा हवाला सगळीकडे दिला जातो, त्याच्या शेवटी तीनपैकी दोन लेखकांबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे की ते या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीसाठी काम करतात आणि त्यांचे तिथे थोडे शेअर्सही आहेत. हितसंबंध आहे म्हणून संशोधन आपोआप खोटं ठरत नाही, हे मान्य, पण निदान दुसऱ्या कुणीतरी ते मोठ्या प्रमाणावर करून बघेपर्यंत थांबायला काय हरकत आहे.

बरं, हितसंबंध बाजूला ठेवू, नुसता हिशोब करू. कोरड्या हवेत कार्पेटवरून चालून दरवाजाच्या हँडलला हात लावला की चटका बसतो, तेव्हा शरीरावर काही हजार व्होल्ट असू शकतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण माणसाच्या शरीराची चार्ज साठवायची क्षमता असते साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे अगदी १०,००० व्होल्ट धरले तरी साठलेला चार्ज होतो १ मायक्रोकूलॉम, म्हणजे सुमारे ६ लाख कोटी इलेक्ट्रॉन. आकडा मोठाय ना? आता शरीरातल्या पेशी मोजा, त्या आहेत सुमारे ३० लाख कोटी. पाच पेशींमागे एक इलेक्ट्रॉन! तोही एकदाच, कारण दोन टाक्यांमधली पाण्याची पातळी सारखी झाली की पाइपातलं पाणी वाहायचं थांबतं तसंच इथेही होतं, पाय जमिनीला टेकताच डोळ्याचं पातं लवायच्या आत फरक मिटतो आणि विषय संपला. मग उरलेला अर्धा तास नक्की काय शिरत असतं? आणि हेच नळाला हात लावूनही होतं, पण "रोज सकाळी नळाला हात लावा" असा फॉरवर्ड कोणी काढत नाही.

हे इलेक्ट्रॉन फ्री रॅडिकल्सना, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी हपापलेल्या आणि पेशींना इजा करणाऱ्या कणांना, शांत करतात असंही सांगतात, पण ते कण पेशींच्या आत, मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात (पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या भागात), क्षणोक्षणी तयार होत असतात आणि त्यांना आवरणारी एन्झाइम्सही तिथेच असतात. तळव्याच्या कातडीतून आलेला सुटा इलेक्ट्रॉन गुडघ्यातली सूज शोधत जाईल अशी काही यंत्रणा शरीरात नाहीये.

रक्त पातळ होण्याचा दावा येतो २०१३ च्या अभ्यासातून. त्यात माणसं किती, तर १०, आणि तीही निरोगी. दोन तास त्यांचं शरीर जमिनीला वायरने जोडून ठेवून आधीचं आणि नंतरचं रक्त बघितलं. यावरून रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्या कुणी "आता गोळीची गरज नाही" असं ठरवलं तर ते सरळ जिवावर बेतू शकतं, आणि असं ठरवणारी माणसं आपल्या ओळखीत असतात हे आपल्याला माहितीये.

"दवावर चाललं की चष्मा जातो"

हा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि सगळ्यात पोकळ. लांबचं धूसर दिसण्याचा जो नंबर असतो त्यात बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागे जरा जास्त लांब झालेला असतो, म्हणून प्रकाश पडद्यावर न जुळता त्याच्या अलीकडेच जुळतो. चाळिशीचा चष्मा लागतो कारण डोळ्यातली लेन्स वयानुसार कडक होते. यातलं काहीही तळपाय ओले करून उलटं फिरत नाही.

पण याच्या जवळपास जाणारी एक खरी गोष्ट आहे. चीनमध्ये ग्वांगझू इथे पहिलीतल्या मुलांवर मोठा प्रयोग झाला, काही शाळांतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर, उघड्यावर घालवायला लावली. प्रयोग तीन वर्षं चालला, निकाल २०१५ मध्ये छापून आला, बाहेर जाणाऱ्यांपैकी ३०.४ टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा नंबर, लागला आणि बाकीच्यांत ३९.५ टक्क्यांना. म्हणजे बाहेर राहण्याचा उपयोग आहे, पण लहानपणी, नंबर लागायच्या आधी, आणि त्याचं मुख्य कारण मानतात ते बाहेरचा भरपूर उजेड. उजेड डोळ्यातून जातो. मूल बूट घालून खेळलं तरी तेवढाच जातो.

"तळव्यावरच्या पॉइंटमधून सगळे अवयव सुधारतात"

तो रंगीत तळपायाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, अंगठ्यात मेंदू, मध्यभागी किडनी. त्याचा उगम १९१७ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मांडलेल्या झोन थेरपीत, आणि पायाचे नकाशे १९३० च्या दशकात युनिस इंगम या बाईंनी तयार केले. तळव्यापासून किडनीपर्यंत जाणारी अशी कुठली खास नस नाही. तळव्याच्या संवेदना घोट्यामागून पोटरीत, तिथून मांडीमागच्या मोठ्या नसेतून मणक्यात आणि मग मेंदूत जातात, वाटेत लिव्हरचं स्टेशन लागत नाही. बरं वाटतं, छान वाटतं, ते खरंय, पाय चेपल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

हां, एक अभ्यास प्रामाणिकपणे सांगायला हवा. अमेरिकेत ओरेगनमध्ये साठीच्या पुढच्या १०८ लोकांवर १६ आठवडे प्रयोग झाला होता, त्यातल्या एका गटाला गोट्यांसारखा उंचसखल पृष्ठभाग असलेल्या चटईवर चालायला लावलं आणि दुसऱ्याला साधं चालायला, तर चटईवाल्यांचा तोल जास्त सुधारला आणि बीपीही थोडं खाली आलं. २००५ चा पेपर आहे. पण तोल सुधारायला पॉइंटची थिअरी लागतच नाही, ओबडधोबड जमिनीवर पाय सावरायचा सराव झाला की तोल सुधारणारच.

"पूर्वज अनवाणी चालायचे म्हणून निरोगी होते"

कुठले पूर्वज? ओरेगनमधल्या फोर्ट रॉक गुहेत सापडलेल्या, झाडाच्या सालीपासून विणलेल्या सँडल्स ९ ते १० हजार वर्षं जुन्या आहेत. आर्मेनियातल्या गुहेत सापडलेला चामडी बूट, तोही नाडीसकट, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. एरिक ट्रिंकाउस या शास्त्रज्ञांनी तर पायाच्या बोटांची हाडं नाजूक होत गेल्यावरून असा अंदाज मांडलाय की माणूस ४०,००० वर्षांपूर्वीच पायात काहीतरी घालत होता. ज्याला ज्याला जमलं त्याने पाय झाकले, उगाच नाही.

आणि ज्यांना जमलं नाही त्यांचं काय झालं हे बघायचं तर पोडोकोनिओसिस हा आजार बघा. इथिओपियासारख्या देशांत ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी शेती करणाऱ्यांच्या कातडीत मातीचे बारीक कण शिरतात, लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) सुजतात आणि पाय हत्तीपायासारखे होतात. डास नाही, जंतू नाही, नुसती माती. टाळायचा उपाय काय, तर बूट घालणं आणि पाय रोज धुणं.

"पाय मजबूत होतात"

हा तो कोपऱ्यातला खरा मुद्दा. पावलात २६ हाडं आहेत आणि कमानीला आधार देणारे छोटे छोटे स्नायू, जाड कुशनच्या बुटात त्यांचं काम बरंच कमी होतं. १९९२ मध्ये भारतातल्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते, बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के निघाले आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. याने कारण पक्कं सिद्ध होत नाही पण दुर्लक्ष करावं असाही फरक नाहीये. २०१० मध्ये डॅनियल लिबरमन या संशोधकांच्या टीमने दाखवलं की कायम अनवाणी पळणारे टाच आपटत नाहीत, चवड्यावर किंवा सपाट पाऊल टेकतात आणि टेकताना बसणारा दणका कमी होतो. आणि मला सगळ्यात आवडलेला अभ्यास २०१९ चा, केनियातला, अनवाणी चालून चालून तळव्याची कातडी जाड होते पण जमिनीचा स्पर्श कळणं कमी होत नाही. म्हणजे निसर्गाने दिलेला सोल आपल्या बुटांच्या सोलपेक्षा त्या बाबतीत सरस आहे.

पण इथेही घाई नको. अनवाण्यासारखे वाटणारे, पाच बोटांचे पातळ बूट मध्यंतरी फार गाजले होते, २०१३ च्या एका अभ्यासात नेहमीच्या धावपटूंना १० आठवड्यांत हळूहळू त्या बुटांवर आणलं तर निम्म्याहून जास्त जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली. आणि २०१४ मध्ये ते बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने त्यांच्या आरोग्यदाव्यांवरून चाललेला खटला ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. वर्षानुवर्षं बुटात राहिलेल्या पावलाला सवय व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. सुरुवात घरातल्या जमिनीवर पाच-दहा मिनिटं, मग स्वच्छ वाळू किंवा नजरेखालचं गवत, टाच किंवा चवडा दुखला की थांबायचं. एवढं पुरे.

"साइड इफेक्ट शून्य"

मला खरा राग येतो तो या ओळीचा. हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी कसा येतो बघा. ज्याच्या पोटात तो आहे अशा माणसाने उघड्यावर शौच केलं की अंडी मातीत, त्यातून अळ्या, आणि ५ ते १० दिवसांत त्या माणसात शिरायला तयार होतात. त्यांना हवी असते उबदार, ओलसर, सावलीतली माती, फॉरवर्डमध्ये ज्या ओल्या जमिनीचं कौतुक असतं तीच. तुम्ही पाय ठेवला की अळी कातडीतून आत, जखम वगैरे लागत नाही, फार तर खाज येते. मग रक्तातून हृदय, तिथून फुप्फुस, श्वासनलिकेतून वर घशात, आपण ती गिळतो आणि ती आतड्यात जाऊन चिकटते आणि रक्त पीत बसते. मूल फिकं पडतं, दमतं, अभ्यासात मागे राहतं आणि पायाचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. आर्थर लूस या शास्त्रज्ञांना कैरोमध्ये हे कळलं तेच मुळी हातावर चुकून अळ्यांचं पाणी सांडलं म्हणून. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून यावर मोहीम काढावी लागली तेव्हा तपासलेल्या शाळकरी मुलांत साधारण ४० टक्के बाधित निघाली. उपाय होते औषध, संडास आणि बूट.

याशिवाय काच, खिळे आणि मातीतले धनुर्वाताचे जंतू, त्यामुळे अनवाणी चालायचंच असेल तर दर १० वर्षांचा टिटॅनसचा डोस झालाय का ते बघा. उन्हात तापलेला डांबरी रस्ता ६० अंशांपर्यंत जातो, त्यावर काही सेकंदांत पाय भाजतो.

"शुगर कंट्रोलमध्ये येते"

चालण्याने शुगरला फायदा होतो, नक्कीच होतो, पण तो स्नायूंनी साखर वापरल्यामुळे, आणि स्नायूंना पायात बूट आहे का नाही हे कळत नाही. उलट डायबेटिस असलेल्या माणसाला अनवाणी चालायला सांगणं हा या अख्ख्या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला आहे. जास्त दिवसांच्या डायबेटिसमध्ये पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि माणसाला ते कळतही नाही, कारण दुखणं बंद झालं की आपल्याला बरं झाल्यासारखंच वाटतं ना. खडा टोचतो, काच घुसते, फोड येतो, कळत नाही, रक्तपुरवठाही कमी असतो म्हणून भरत नाही, आणि पुढे गँगरीन, बोट कापणं, पाय कापणं. डायबेटिक पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची शिफारस आहे की पायाला धोका असलेल्या रुग्णाने घराबाहेरच काय, घरातही अनवाणी चालू नये, नुसत्या मोज्यांवरही नाही.

घरात कुणाला डायबेटिस असेल तर हा फॉरवर्ड त्यांना पाठवण्याआधी त्यांची पायाची तपासणी झालीये का विचारा. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्यावर ठरावीक ठिकाणी वाकेपर्यंत टेकवतात, १० ग्रॅमचा दाब पडेल असा, आणि डोळे मिटून बसलेल्या पेशंटने कळलं की "हो" म्हणायचं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, टोचत नाही, दुखत नाही, आणि वर्षातून एकदा तरी व्हायला हवं. तिथे "हो" यायच्या जागी शांतता असेल तर घरातसुद्धा पायात चप्पल हवी, आणि रोज रात्री आरसा घेऊन तळवे बघायला हवेत.