पत्र्याचा डबा, भुरी आणि भुईकाट्याची पावती

धुळेकर भाऊ,

जीपमागे ओढायचा, आत झोपायचा छोटा ट्रेलर मी माझ्या कुत्रीसाठी, भुरीसाठी, बनवून घेतला, त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४ बाय ८ फुटांच्या डब्यात उभंही राहता येत नाही, खान्देशच्या उन्हात ती भट्टीच, ‘वजन ३८० किलो’ हा माझा आकडा फसवा, आणि एका कुत्रीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा जीपच्या टपावरचा तंबू घेतला असता तर भागलं असतं. वर ‘बाईमाणसानं एकटीनं’ हेही आहेच.

वजनाबाबत तुम्ही मला पकडलंत. ३८० किलो हे रिकाम्या ट्रेलरचं वजन, वर्कशॉपवाल्यानं सांगितलेलं. मी ते तसंच लिहून टाकलं. तुमची प्रतिक्रिया आल्यावर सगळं सामान भरून रावेर रस्त्यावरच्या एका भुईकाट्यावर गेले. पुढेमागे केळीचे ट्रक, मधे मी. काट्यावरच्या माणसानं विचारलं, “ताई, माल कोनता?” भरलेलं वजन निघालं ५१० किलो. म्हणजे १३० किलो कुठून आले? गादी, बॅटरी, शेगडी, भांडी, पाण्याचे दोन जार (वीस लिटरचा एक जार म्हणजे वीस किलो, हे आपण विसरतो), भुरीचं खाणं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून टाकलेलं बरंच काही. मोठे काटे दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं दाखवतात, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरा. पण नवीन घेणाऱ्यानं रिकामं वजन ऐकूच नये. भरलेलं मोजावं आणि मग गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा बघावी. तिथे आकडाच नसेल तर ओढू नये.

यातून एक गोष्ट निघाली जी तुम्ही विचारली नव्हती. या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरला स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली असतो. मी दोन्ही जार तिथेच ठेवायचे, सोयीचे म्हणून. गेल्या हिवाळ्यात आग्रा रोडवर लळिंग घाट उतरताना एक कंटेनर शेजारून गेला आणि ट्रेलरची शेपूट हलायला लागली. ब्रेक दाबावासा वाटतो, पण दाबायचा नसतो; स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा. सावरलं. घरी येऊन हुकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवून बघितलं, तर हुकावर जेमतेम २५ किलो. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास तरी हुकावर यायला हवं. जार पुढे दांड्यावरच्या पेटीत हलवले, आता ५० च्या जवळ येतं आणि डबा गुमान मागे येतो. रिव्हर्सचं मात्र विचारू नका. ट्रेलर जितका आखूड तितका लवकर मुडपतो. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी घालणारी आमच्या गल्लीतली पोरं माझ्यावर हसतात, आणि बरोबरच हसतात.

आता टपावरचा तंबू. भुरी नऊ वर्षांची आहे, गावठी, १९ किलोंची, आणि मागच्या पायाचं दुखणं आहे. शिडीवरून तिला कोण चढवणार? रात्री दोनदा उतरवणार कोण? मी पन्नाशीची आहे. जमिनीवर तंबू टाकला तर गोचीड आणि विंचू-साप, आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही. कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य. लॉजचं म्हणाल, तर एका तालुक्याच्या गावी रात्री साडेनऊला “कुत्रं चालनार नाही” म्हणून आम्हाला बाहेर काढलं, तेव्हाच हा ट्रेलर डोक्यात आला. वर्कशॉपमध्ये पहिलं माप दिलं ते दाराच्या उंबऱ्याचं: जमिनीपासून भुरीला न उडी मारता चढता येईल इतकं. माझी उंची नंतर. उभं राहायचं असेल तर बाहेर आभाळ आहे. आणि ४ बाय ८ का? प्लायवूडची शीट ४ बाय ८ चीच येते. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोक असे ट्रेलर घरीच बांधायचे, तेही अशाच मापांचे. कापाकापी कमी, वाया कमी.

भट्टीचं तुमचं म्हणणं अर्धं खरं. एप्रिल-मेमध्ये जळगाव ४५ अंशांच्या पुढे जातं, तेव्हा थर्माकोल भरा नाहीतर पंखा लावा, काही उपयोग नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववतं. आत हवाच तापलेली असेल तर धापेचाही उपयोग नाही. म्हणून आमचा हंगाम दसरा ते होळी. बाकी वेळ ट्रेलर शेडमध्ये, आणि सध्या त्यात कांदे आहेत. हंगामातही दुपारी तिला आत बंद करून मी कुठे जात नाही. बंद डबा उन्हात पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक तापून होतो. आणि चालत्या ट्रेलरमध्ये भुरी कधीच नसते, ती जीपच्या मागच्या सीटवर, पट्ट्यानं बांधलेली. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं.

भुरी सोबत असल्यामुळे काही ठिकाणं सुटतात. पाटणादेवी अभयारण्यात आहे, पालजवळचं यावलचं जंगलही. तिथे कुत्रा नेऊ नये, मी नेतही नाही. तोरणमाळचा घाट मात्र एकदा चढलो, शहाद्याहून, सकाळी लवकर. वर तलावाकाठी एका म्हाताऱ्या बाबांनी डब्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं, “हाई कुत्रानं घर शे का?” म्हटलं, हो बाबा, मी पाहुणी.

‘पासिंग’चं विचारलंत: मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून नोंदणी, नंबरप्लेट, मागचे दिवे सगळं लागतं. मागे हुक वेल्ड करून निघायचं, असं नाही.

आणि बाईमाणूस एकटी. भाऊ, एकटी कुठे? भुरी रात्री पानाच्या आवाजालाही भुंकते. माझी झोप होत नाही, ती तक्रार खरी आहे.

आकडा आणि भुरीच्या सीटचं आज लेखात घालते. डिसेंबरात धुळ्याला येणार आहे. बघायचा असेल तर कळवा, भुईकाट्याची पावतीही सोबत आणते. उंबरा तुम्ही स्वतः मोजा.