डिझेल टिकवू इच्छिणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

उत्तर ध्रुवाच्या बाजूच्या दुर्गम गावांना डिझेलच्या विजेपासून सोडवण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कॅनडाच्या केंद्रातील सत्ताधाऱ्यांनी त्यासाठी २०३० सालाचा वायदा केला आहे, आणि वायदा पाळण्यापेक्षा त्याचे साल पुढे सरकवणे नेहमीच स्वस्त पडते. मुक्तीची चर्चा अखंड चालू राहावी आणि इंजिनेही अखंड चालू राहावीत, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

अभ्यासाची सुरुवात कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावुत प्रदेशापासून करावी. तिथल्या पंचवीसही गावांची वीज डिझेलवर तयार होते, एका गावाची तार दुसऱ्या गावाला जोडलेली नाही, आणि वर्षभराचे इंधन उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येते. तिथल्या सरकारी वीज कंपनीचे नाव ‘कुल्लिक’; म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी इनुइटांच्या घरातला, सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा. ती चरबी निदान तिथल्याच समुद्रातली असे. नाव जुने ठेवले की परंपरा जपल्यासारखे दिसते, हे आपण टिपून ठेवावे.

कोणी सौर पॅनेलांचा विषय काढलाच, तर तिथल्या उत्तरेकडच्या गावांत भर हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, एवढे सांगून थांबावे; उन्हाळ्यात तो मावळत नाही, हे आपण होऊन सांगण्याचे कारण नाही. समोरचा चिवट निघाला, तर त्याला थेट वीजघरात न्यावे. डिझेल जनरेटर त्याच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली फार काळ चालवला, तर इंधन पुरते जळत नाही, अर्धवट जळलेले तेल आणि काजळी आत साचत जाते आणि यंत्र अकाली खराब होते. त्यामुळे गावाला विजेची गरज असो वा नसो, इंजिनाचा वाटा आधी काढून ठेवावा लागतो, आणि ऊन जास्त झाले तर पॅनेलांनाच आवरावे लागते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पंगत बसत नाही, त्यातलाच हा प्रकार. पुरेशी मोठी बॅटरी आणि तिच्या तोलाचा इन्व्हर्टर बसवला, तर इंजिन साफ बंद ठेवता येते. म्हणून पॅनेलांना तत्काळ मंजुरी द्यावी आणि बॅटरी दुसऱ्या टप्प्यात ढकलावी.

पवनचक्कीसाठी फारसे कष्ट पडत नाहीत. ती उभी करणारी क्रेनसुद्धा बहुधा उन्हाळ्यातल्या जहाजानेच यावी लागते. आपली सही महिनाभर लांबली की काम वर्षभर लांबते, आणि दोष हवामानाच्या माथी जातो.

खरे कसब मात्र दर ठरवण्यात आहे. अमेरिकेतल्या अलास्काच्या दुर्गम गावांत घरगुती विजेवर राज्य सरकार सवलत देते, आणि ती काढताना शहरी दराच्या वर जाणाऱ्या खर्चाचा ९५ टक्के भाग धरला जातो. हेतू उत्तमच आहे. पण एखाद्या गावाने पवनचक्की बसवून डिझेल वाचवले, की खर्च उतरतो, त्याबरोबर सवलतही उतरते, आणि घरोघरच्या बिलात जेमतेम फरक पडतो. कष्ट गावाचे, बचत तिजोरीची! कोणावरही बंदी न घालता उत्साह कसा मावळतो, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

कॅनडातल्या क्वेबेकचा विषय निघाला तर सावध राहावे. त्या प्रांताने जेम्स उपसागराच्या बाजूच्या नद्या अडवून प्रचंड जलविद्युत प्रकल्प उभारले आणि ७३५ किलोव्होल्टच्या तारांनी ती वीज दक्षिणेकडे नेली. त्याहून उत्तरेच्या नुनाविकमधली १४ इनुइट गावे मात्र डिझेलवरच राहिली. दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो, इथे तर दिव्याखाली धूर होता. त्यांपैकी इनुकजुआकने २०२३ साली आपल्याच नदीवर ७.५ मेगावॉटचे वीजघर सुरू केले, ज्यात निम्मी मालकी तिथल्या इनुइटांची आहे. या मालकीच्या गोष्टीला आपण अपवाद म्हणावे आणि लगेच चहा मागवावा.

कारण मालकी हा संसर्गजन्य प्रकार आहे. कॅनडाच्याच युकॉन प्रदेशातल्या ओल्ड क्रो गावाचे उदाहरण पाहा. वस्ती जेमतेम अडीचशेची, बारमाही रस्ता नाही, डिझेल येते ते विमानाने. २०२१ साली वुंटुट ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी तिथे ९४० किलोवॉटचा स्वतःच्या मालकीचा सौर प्रकल्प बॅटरीसह सुरू केला, आणि मध्यरात्रीचे ऊनही वाया जाऊ नये म्हणून पॅनेले पूर्व-पश्चिम वळवली. वर्षाला सुमारे १ लाख ९० हजार लिटर डिझेल वाचावे असा त्यांचा हिशेब आहे, आणि वीज कंपनीशी २५ वर्षांचा विक्रीकरार झाल्यामुळे पूर्वी इंधनावर जाणारा पैसा आता गावाच्या हाती येतो. असल्या गावी आपल्याला पाहणीला जावेच लागले, तर डिसेंबरच्या अखेरीस जावे. तेव्हा सूर्य नसतो आणि इंजिने जोरात चालू असतात. जूनमध्ये गेलात, तर वीजघराच्या भिंतीला कान लावूनही कदाचित काही ऐकू येणार नाही, आणि हे असे का, ते सोबत आलेल्या वार्ताहरांना आपल्यालाच समजावून सांगावे लागेल.