थोंगयॉंगला सहा दिवस कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दक्षिण कोरियातल्या थोंगयॉंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'वर्षाला जेमतेम दहा दिवस रजा मिळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एका बंदराच्या गावात सहा दिवस काढणं ही चैन आहे. रंगवलेल्या भिंती आणि मासळीबाजार अर्ध्या दिवसात बघून होतो. निवांत बसायचंच असेल तर सावंतवाडीला बसा की.' आणि शेवटी, की ऑक्टोबरात आईवडिलांना घेऊन आठ दिवस कोरियाला निघाला आहात, पण या लेखातून तुमच्या हाती काही लागलं नाही. ते शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रजेचं तुमचं म्हणणं खरं आहे. मी गेले तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधला मोकळा महिना हाताशी होता. हे लेखात सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पण 'अर्ध्या दिवसात बघून होतो' हे मला पटत नाही. अर्ध्या दिवसात जे दिसतं ते या गावातलं सगळ्यांत नवं काम आहे. दोंगपिरांग ही बंदरावरच्या टेकडीवरची गरीब वस्ती. जुन्या आरमारी तटाचा तिथला मनोरा पुन्हा बांधायचा म्हणून ती पाडायचं ठरलं होतं. २००७ साली गावातल्या एका नागरी संस्थेने भित्तिचित्रांची स्पर्धा भरवली, विद्यार्थ्यांनी भिंती रंगवल्या, माणसं बघायला येऊ लागली आणि माथ्यावरची मोजकी घरं सोडली तर वस्ती वाचली. चित्रं दर दोन वर्षांनी नव्याने काढतात. मी मात्र फक्त रंगांबद्दल लिहिलं, त्या दारांमागे माणसं राहतात हे लिहिलंच नाही. त्यांच्या उंबऱ्याशी दिवसभर अनोळखी लोक फोटो काढत उभे असतात. तिथे जाल तेव्हा आवाज हळू ठेवा.

आता जुन्या कामाकडे येते. थोंगयॉंग हे नावच थोंगजेयॉंगवरून आलं, म्हणजे तीन प्रांतांच्या आरमाराचं मुख्य ठाणं. १५९२ साली समोरच्याच हानसान बेटाजवळ कोरियाचे आरमारी सेनापती यी सुन-शिन यांनी जपानी आरमाराचा धुव्वा उडवला. त्यांच्या मृत्यूनंतर, १६०४ साली, ते ठाणं इथे आलं आणि १८९५ पर्यंत राहिलं. ठाण्याला लागणाऱ्या आणि राजधानीला पाठवायच्या वस्तू बनवायला इथे कारखाने उभे राहिले. त्यांना 'बारा कारखाने' म्हणतात. बांबूच्या तासलेल्या काड्यांच्या आणि घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या, जेवणाचे छोटे चौरंग, पंखे, पडदे, पेट्यांची धातूची कडीकोयंडी. या गावाच्या कलेचं मूळ हे आहे. कवी, चित्रकार नंतरचे.

त्यातलं नाजॉनछिल्गी, म्हणजे रोगणावरचं शिंपल्याचं जडावकाम, बघायला मी एका कारागिराच्या खोलीत दोन सकाळी बसले. पहिल्या दिवशी मला काहीच कळलं नाही. एक माणूस शिंपल्याची केसाएवढी पट्टी सुरीच्या टोकाने दाबत होता, तोडत होता, चिकटवत होता. दुसऱ्या दिवशी तीच पेटी समोर आली आणि आदल्या दिवसाच्या कामाची वीतभर नक्षी दिसली, तेव्हा त्या हाताचा वेग समजला. हे रोगण म्हणजे झाडाचा चीक. त्याचे थरावर थर द्यायचे, आणि गंमत अशी की ते घट्ट व्हायला कोरडी नाही, दमट हवा लागते. पावसाळ्यात कपडे वाळेनात म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारखीला ते ऐकून फार बरं वाटलं. तुम्ही सावंतवाडीचं नाव घेतलंत ते योग्यच आहे. तिथली लाख किड्यापासून येते, हे रोगण झाडापासून, पण तिथल्या गंजिफाचे पत्ते रंगवणाऱ्यांसमोरही अर्धा तास बसून काही कळत नाही. सावंतवाडीला जरूर बसावं. मीही बसले आहे. एकामुळे दुसरं वाया जात नाही.

आणि एका माणसाबद्दल लेखात मी एकच ओळ लिहिली होती, ती पुरेशी नव्हती. संगीतकार युन इ-सांग इथे वाढले. १९६७ साली दक्षिण कोरियाच्या गुप्तहेर संस्थेने त्यांना पश्चिम बर्लिनमधून पळवून सोलला नेलं, हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप ठोठावली गेली. जगभरच्या संगीतकारांनी आवाज उठवला, १९६९ मध्ये सुटका झाली. ते जर्मनीला परतले आणि नंतर दक्षिण कोरियात त्यांना पाऊल ठेवता आलं नाही. १९९५ साली बर्लिनमध्ये गेले. २००२ पासून गावात आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो, तो त्यांच्याच आठवणीतून उभा राहिला. २०१८ साली त्यांच्या अस्थी परत आणून समुद्रकाठच्या संगीत सभागृहाच्या आवारात पुरल्या. तिथे एक दगड आहे. त्यावर कोरलेल्या चार चिनी अक्षरांचा अर्थ, चिखलात राहूनही निर्मळ. आपल्याला हे कमळ समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी मी तिथून फोटो काढून निघाले. चौथ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा समोरच्या बेटांकडे बघत बराच वेळ उभी राहिले, कारण मधल्या दिवसांत तेच पाणी मी रोज पायी ओलांडत होते. १९३२ साली पुरा झालेला ४८३ मीटरचा समुद्राखालचा बोगदा आहे, दोन्ही बाजूंनी समुद्र अडवून खणलेला. गावातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन त्यातून मिरुक बेटावर जातात-येतात.

तुमच्या आठ दिवसांत सहा दिवस इथे घालवा असं मी म्हणणार नाही. दोन रात्री द्या. सोलहून बसने चार-साडेचार तास लागतात, रेल्वे नाही. बुसानला जाणार असाल तर तिथून बरंच जवळ आहे. एक अख्खी सकाळ सेब्यॉंगग्वानला ठेवा. आरमाराचं ते भलंमोठं उघडं दालन टेकडीवर आहे, नावाचा अर्थ शस्त्रं धुण्याची जागा, आणि बूट काढून लाकडी जमिनीवर हवा तितका वेळ बसता येतं. आईवडिलांना तिथे बसवा, खाली बंदर दिसतं. मिरुक डोंगर चढवणार नसेल तर केबल कार आहे, वर मात्र थोड्या पायऱ्या आहेत.

खाण्याचं तुम्ही विचारलं नव्हतं, पण आई शाकाहारी असतील तर सांगून ठेवते. पहाटे सॉहो बाजारात मिळणारं सिराकगुक दिसायला मुळ्याच्या पाल्याचं सार असलं तरी त्याचा रस्सा ईल माशाच्या हाडांचा असतो. छुंगमू किम्बाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या सुरळ्या, त्या साध्या असतात, कारण बोटीवर नेताना सारण उन्हाने विटायचं, म्हणून माकुल वेगळं वाढायची पद्धत पडली. वाळवलेल्या रताळ्याच्या कापांची गोडसर पेज मिळते, तिला प्पेत्तेगीजुक म्हणतात, ती त्यांना आवडेल. दुकानात ते नाव कागदावर लिहून दाखवा. किती तारखेला पोहोचताय ते कळवलंत तर कोरियन अक्षरांत लिहून पाठवते.