लिंकनच्या झोपडीचे ओंडके लिंकनहून लहान

“लिंकन जन्मले तीच ही झोपडी. अमेरिकेने संगमरवरी मंदिरात जशीच्या तशी जपली आहे, नाहीतर आपण!” असा मजकूर फोटोसकट फिरत असतो. फोटो खरा आहे, केंटकीतल्या हॉजेनव्हिल या छोट्या गावाजवळचा. मजकूर मात्र खरा नाही, आणि लिंकनवर जीव असलेली माणसंच तो पुढे ढकलतात याचं मला वाईट वाटतं.

“तीच ही झोपडी.” नव्हे. लिंकन जन्मले १२ फेब्रुवारी १८०९ला. २००४ साली या ओंडक्यांमधली वाढीची वर्तुळं तपासली, तर सगळ्यात जुना ओंडका निघाला १८४८च्या सुमाराचा. तेव्हा लिंकन एकोणचाळीस वर्षांचे होते, वॉशिंग्टनला खासदार होते.

“जशीच्या तशी.” हे तर अजिबातच नाही. लिंकन कुटुंबाने ते शेत १८११तच सोडलं. १८९४मध्ये आल्फ्रेड डेनेट या न्यूयॉर्कच्या खाणावळवाल्याने ते विकत घेतलं आणि जवळच्या एका शेतावरच्या जुन्या घराचे ओंडके आणून तिथे झोपडी उभारली. पुढे ती मोडून गावोगाव नेली. १८९७ला नॅशव्हिलच्या प्रदर्शनात तिच्या जोडीला जेफर्सन डेव्हिस यांची म्हणून आणखी एक झोपडी होती. हे डेव्हिस म्हणजे यादवी युद्धात लिंकनविरुद्ध उभ्या राहिलेल्या दक्षिणेचे अध्यक्ष! नंतर दोन्हींचे ओंडके एकत्र ठेवले गेले आणि त्यांची सरमिसळ झाली. शेवटी स्मारकात बसवताना झोपडी मोठी वाटली, लोकांना भोवती फिरायला जागा उरेना, म्हणून ती कापून लहान केली.

“एवढं मोठं मंदिर खोट्यासाठी कोण बांधेल?” बांधणाऱ्यांचा तेव्हा खरंच विश्वास होता. १९०९ला थिओडोर रूझवेल्ट यांनी कोनशिला बसवली, १९११ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी उद्घाटन केलं. लिंकन छप्पन्न वर्षं जगले म्हणून पायऱ्याही छप्पन्न. पण आज हे स्मारक सांभाळणारं सरकारी खातं स्वतःच तिला ‘प्रतीकात्मक जन्मझोपडी’ म्हणतं.

जागा मात्र अस्सल आहे. थॉमस लिंकन यांनी डिसेंबर १८०८मध्ये हेच शेत घेतलं होतं. स्मारकापासून जवळच दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की चुनखडीच्या कपारीत गार पाणी झिरपताना दिसतं आणि तिथेच जमिनीत गडप होतं. शेताचं ‘सिंकिंग स्प्रिंग’ हे नाव त्यावरूनच पडलं. फोटो पाठवायचाच असेल तर त्या झऱ्याचा पाठवा.