आधी तोंड तर बघा

तृतीयपंथीयांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं एचआयव्हीपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. वर्षानुवर्षं रक्त तपासून झालं, निरोध वाटून झाले. ते काम गरजेचं होतं, आजही आहे, त्यावर वाद नाही. पण या माणसांना कमरेवर आजार होतच नाहीत, असं आरोग्य खात्याने ठरवून टाकल्यासारखं वाटतं. 2019 चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा काढून बघा. आरोग्याच्या कलमात पहिलाच मुद्दा एचआयव्ही केंद्रांचा आहे. पुढे शस्त्रक्रिया, हार्मोन, समुपदेशन, विमा असं सगळं येतं. कॅन्सर हा शब्द मात्र त्या कलमात नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तालुका सांगत नाही, सांगितला तर उद्या साहेबांचा फोन येईल.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाचीही, हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात. त्यात एका भागावर 'फक्त महिलांसाठी' असं छापलेलं असतं: स्तनात गाठ आहे का, पाळी नसताना रक्त जातं का, वगैरे. आता जोगप्पांचं, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या तृतीयपंथीयांचं घर आलं की आशाताई काय करणार? बऱ्याचदा ते घर सोडून पुढे जातात. आशाताईंना दोष देत नाही, त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही. शिवाय मानधनासाठी निम्मं वर्ष त्या रस्त्यावर बसलेल्या असतात, तो राग वेगळा.

एक जोगप्पा अक्का बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "सिस्टर, रगात न्ह्यायला समदी येतासा, तोंडात कुणी बघितलंय व्हय?" टॉर्च घेतला, आ करायला सांगितलं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, त्यांची दोनच जात होती, तीसुद्धा कष्टानं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, गॉजने पुसला तरी जाईना. लहानपणापासून मशेरी, नंतर तंबाखू-सुपारी. तिखट खाल्लं की आग होते म्हणून दीड-दोन वर्षं आमटी-भात कालवून खात होत्या आणि वयाचं समजत होत्या. मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली तर पहिला प्रश्न चट्ट्याचा नव्हता. "थितं कुठल्या लायनीत हुबं ऱ्हायचं?"

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: सुरुवात तोंडापासून करा. तोंड बघायला कपडे काढावे लागत नाहीत, बाई की पुरुष हे कागदावर ठरवावं लागत नाही. टॉर्च, लाकडी पट्टी, हातमोजे आणि पाच मिनिटं एवढ्यात काम होतं. आणि आपला भाग कुठला? ज्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता, तो. इथं मशेरी, मावा, गुटखा घरातल्या चहापत्तीसारखा मिळतो. तोंडाचा कॅन्सर चट्ट्याच्या अवस्थेत सापडला तर बरंच काही करता येतं. गाल फाटल्यावर आलेल्या माणसाचं काय होतं ते मी वॉर्डात बघितलंय.

तोंडावर थांबायचं मात्र नाही. एकदा विश्वास बसला की पुढचं विचारता येतं, आणि ते विचारताना नियम एकच ठेवावा: जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी. नाव, साडी, आधारवरचा शिक्का यांचा त्याच्याशी संबंध नाही. पुष्कळ जोगप्पा शस्त्रक्रिया करून घेत नाहीत. ज्यांनी केली त्यांचीही प्रोस्टेट ग्रंथी सहसा आतच राहते, आणि बायकी हार्मोन चालू असतील तर पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात त्या रक्तचाचणीचा, आकडा खाली येतो, त्यामुळे नुसता 'नॉर्मल' वाचून निर्धास्त होता येत नाही. हार्मोन म्हणून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या मनानेच घेणाऱ्याही आहेत. हार्मोनने स्तन वाढतात म्हणजे स्तनाचे आजारही होऊ शकतात. नेदरलँडमध्ये हार्मोन घेणाऱ्या 2260 ट्रान्स महिलांचा (मुलगा म्हणून जन्मलेल्या, बाई म्हणून जगणाऱ्या) अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 15 जणींना स्तनाचा कॅन्सर आढळला. इतर बायकांपेक्षा धोका कमी, पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त. घाबरण्याजोगं नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

सगळ्यात वाईट अवस्था ट्रान्स पुरुषांची. जोगप्पांना निदान गाव ओळखतं, परडी घेऊन दारात आले तर सूपभर जोंधळे घालतं. पण मुलगी म्हणून जन्मलेला आणि आता शर्ट-पँटमध्ये पुरुष म्हणून जगणारा पोरगा कुणाच्या यादीत असतो? त्याला गर्भाशयमुख आहे, म्हणजे तपासणी हवीच. तो बाळंतिणींच्या बाकावर येऊन बसेल काय? मीच बसले नसते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चालू असेल तर आतली त्वचा कोरडी होते, तपासणी दुखते, नमुनाही नीट येत नाही. यावर उपाय आहे: एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू, त्याच्या चाचणीचा नमुना स्वतःच्या हाताने, आडोशाला जाऊन घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शनात हा पर्याय मान्य केलेला आहे. आपल्या दवाखान्यांत अजून व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची पद्धत चालते. एचपीव्हीचे किट आले तर माझ्या मते ते आधी अशा लोकांना द्यावेत.

मग पैशाचं. केंद्राने 2022 मध्ये तृतीयपंथीयांसाठी आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांचं कवच जाहीर केलं. त्याला जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र लागतं. इकडे महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केली, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं रंगली. आमच्या अक्कांचा गुरू गडहिंग्लजकडचा, चेला चिकोडीचा, रेशनकार्ड तिसरीकडचं. यल्लम्मानं कधी सीमा विचारली नाही, पण बिलिंग काउंटरवरचा मुलगा विचारतो. आणि ही सगळी कार्डं उपचाराची. आजार शोधून काढायला लागतो तो घरी येणारा माणूस.

तो घरी येत नसेल तर लोक जिथं जमतात तिथं जा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगली, बेळगाव सगळीकडचे जोगप्पा येतात. यात्रेत आरोग्य खात्याचा तंबू असतो, त्यात सलाईन आणि ओआरएस मिळतं. त्याच तंबूत एक टेबल वाढवा. कन्नड आणि मराठी दोन्ही येणारी नर्स ठेवा, शेजारी मानधन देऊन एक जोगप्पा बसवा, कारण 'या अक्का, आ करा' हे माझ्यापेक्षा तिने सांगितलेलं ऐकतील. चट्टा दिसला तर कागदावर डॉक्टरांचं नाव, खोली नंबर, वार लिहून द्या आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाला फोन करा. अक्कांची बायोप्सी झाली ती मी सुट्टी काढून सोबत गेले म्हणून. कॅन्सर निघाला नाही. मशेरी सोडलीय म्हणतात, तोंड उघडायचा व्यायाम करतात, दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात. दर वेळी माझी सुट्टी शिल्लक असेलच असं नाही.